वाचक विचारतात : सील ट्रकचं आणि पाण्यात उतरणाऱ्या गाडीचं

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचं रबर मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. ट्रक-ट्रॅक्टरची ऑइल सीलं, ओ-रिंगा करतो. लष्कराच्या पाण्यातून जाणाऱ्या गाड्यांचे सुटे भाग आता देशातच घेतात म्हणे. आम्हाला जमेल का? सील ते सील, त्यात वेगळं काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेत, गाड्या दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यातली निम्मी याच प्रश्नात.

ट्रकचं सील गळलं की तेल रस्त्यावर ठिबकतं आणि ड्रायव्हर पुढच्या ढाब्यावर बघू म्हणतो. तेलंगणात मेडकला बनणारी आपली बीएमपी-2, म्हणजे ‘सारथ’ ही सैनिक वाहणारी, पाण्यातही तरंगणारी चिलखती गाडी, साधारण 14 टनांची. तरंगायला तिला 14 घनमीटर पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते काम करतं तिचं बंद पोट. पण त्या पोटाला फायनल ड्राइव्हच्या (ट्रॅकचे पट्टे फिरवणाऱ्या) शाफ्टपाशी, तळाच्या झाकणांपाशी, मागच्या दोन दरवाजांपाशी वाटा आहेत. तिथे पाणी अडवतं ते रबर. पाण्यात ती ट्रॅक फिरवूनच पुढे सरकते, ताशी फार तर 7 किलोमीटर. अर्ध्या किलोमीटरच्या पात्राला चार मिनिटांच्या वर लागतात, आणि आत दहा माणसं बसलेली असतात.

एकदा सरावाआधी आम्ही दरवाजाचं सील बदललं. पाकीट कोरं, फोडलेलंही नव्हतं. तळ्यात गाडी उतरली आणि थोड्याच वेळात माझ्या बुटात पाणी. पंप चालू होता म्हणून काठाला लागलो. नंतर ते रबर वाकवून पाहिलं, तर बारीक चिरा. कुठल्याशा पत्र्याच्या गोदामात कित्येक उन्हाळे काढलेला माल होता तो. नागपूरचा 45 अंशांचा मे तुम्हाला सांगायला नको. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. तेव्हापासून मी कोणतंही सील लावण्याआधी अंगठ्यावर वाकवून बघत आलो.

अमेरिकेतलंही सांगतो. 30 जुलै 2020 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या मरीन दलाची अशीच एक गाडी बुडाली, आतले 16 पैकी 9 जण गेले. ती जात 1972 पासून सेवेत होती. तपासात निघालं ते हेच : देखभाल ढिली, आत पाणी शिरत होतं. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये या गाड्यांचं नेहमीच्या सरावासाठी पाण्यात उतरणं त्यांनी बंद केलं. मी ती बातमी दोनदा वाचली आणि त्या रात्री जेवलो नाही.

आता धंद्याचं. जमेल, पण अंबाझरीच्या कारखान्यात चकरा मारू नका. तिथलं काम दारूगोळ्याच्या धातूच्या भागांचं. मेडकचा कारखाना चेन्नईजवळ आवडी इथल्या आर्मर्ड व्हेईकल्स निगम या सरकारी कंपनीकडे आहे. संरक्षण खात्याचं ‘सृजन’ पोर्टल 2020 पासून आहे. बाहेरून येणाऱ्या कोणत्या वस्तू देशात बनवायच्यात, त्याची यादी तिथे असते. आधी त्यातलं एकच सील निवडा. सगळी यादी अंगावर घेणारे अडकतात.

नमुना करताना एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला गढूळ पाणी, असं धरून रबराचं मिश्रण ठरवा. फिरत्या शाफ्टवर नदीची रेती सीलच्या ओठाला कानसासारखी घासते. नायट्राइल (तेलाला टिकणारं रबर) वापरणार असाल तर भट्टीत 100 अंशांवर 70 तास ठेवून कडकपणा किती वाढला ते मोजा, आणि आकडा वाईट आला तरी वहीत लिहा. आणि प्रत्येक पाकिटावर रबर शिजवल्याचा महिना-वर्ष छापा, खरा. स्टोअरचा माणूस तोच वाचून माल पुढे देतो. त्याच्यापुढे गाडीत कोण बसलंय ते त्याला दिसत नाही.