कोलोरॅडोच्या खेड्यात डिशवर डेन्व्हरचे चॅनल का दिसत नाहीत?

तुमचा मुलगा बरोबर सांगतोय. तो बेफील्डला राहतो, गाव कोलोरॅडोत, तो टॅक्स कोलोरॅडोला भरतो आणि डिशवर बातम्या मात्र न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीच्या येतात, राज्याच्या राजधानीच्या, डेन्व्हरच्या मागितल्या तर कंपनी नाही म्हणते, हे कसं काय, आणि काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी त्याच ला प्लाटा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग), हेस्पेरसच्या बाजूला, बरीच वर्षं राहते. ह्यांची नोकरी डुरँगोच्या हॉस्पिटलात. या विषयावर मी इतकं डोकं फोडलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिलं म्हणजे हे कंपनी आपल्या मनाने करत नाही, कायदा आहे. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही नेटवर्क्स आपल्या स्टार प्रवाहसारखी एकच फीड देशभर सोडत नाहीत, गावोगावच्या स्टेशनांमार्फत दाखवतात, आणि त्या स्टेशनचा त्याच्या भागावर हक्क. हे भाग ठरतात निल्सन या प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीच्या नकाशावरून, सगळ्या देशाचे मिळून 210 बाजार. कुठल्या काउंटीतले लोक कुठली स्टेशनं जास्त बघतात त्यावरून ती काउंटी त्या बाजारात टाकायची. ला प्लाटा काउंटी अल्बुकर्की-सांता फे बाजारात. राज्याची सीमा निल्सनला दिसतच नाही. हा नकाशा जाहिरातींचे दर ठरवायला केलेला, पण सरकारने तोच उचलून कायद्यात बसवला, आणि मला विचाराल तर सगळ्या भानगडीचं मूळ हेच.

1988 साली जेव्हा अंगणात मोठाल्या डिश असायच्या तेव्हा काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला की ज्या घराला छतावरच्या साध्या अँटेनाने नेटवर्कचा धड सिग्नल मिळत नाही त्यालाच सॅटेलाइटवरून लांबच्या शहराचं स्टेशन दाखवायचं, बाकीच्यांना नाही. मग छोट्या डिश आल्या, आणि कंपन्यांनी ग्राहकाला 'तुला सिग्नल येतो का' एवढं तोंडी विचारून सर्रास कनेक्शन दिली. नेटवर्कवाले कोर्टात गेले, 1998 मध्ये मायामीच्या फेडरल कोर्टाने ते बंद करायला लावलं, खेड्यापाड्यातले लोक भडकले, काँग्रेसवर पत्रांचा मारा झाला, आणि 1999 मध्ये नवा कायदा आला. त्यात सॅटेलाइट कंपन्यांना लोकल स्टेशन दाखवायची मुभा मिळाली आणि लांबचं स्टेशन बघायला सूट मागायची एक सोयही पक्की झाली, म्हणजे कंपनीमार्फत लोकल स्टेशनला अर्ज करायचा आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर धरायचं. ज्याचा धंदा जाणार त्यालाच विचारायचं की बाबा रे मी दुसऱ्याकडे जाऊ का! 2004 मध्ये तेही आवळलं. कंपनी तुमच्या बाजाराचे लोकल चॅनल दाखवत असेल तर नव्या ग्राहकाला लांबचे नाहीतच. आणि आमचे लोकल म्हणजे अल्बुकर्कीचे. तुमच्या मुलाच्या 'का'चं उत्तर एवढंच आहे.

आता मला हे एवढं का लागलं ते सांगते. 2014 मध्ये मी नागरिक झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरची निवडणूक आली, माझं अमेरिकेतलं पहिलं मतदान. कोलोरॅडोत मतपत्रिका पोस्टाने घरी येते, शिवाय राज्याकडून एक जाड माहितीपत्रक येतं ज्याला सगळे ब्लू बुक म्हणतात. मी ते घेऊन रोज संध्याकाळी टेबलाशी बसायचे. गव्हर्नरपदासाठी हिकनलूपर विरुद्ध बोप्रे, सिनेटसाठी उडाल विरुद्ध गार्डनर, दोन्ही लढती घासून होत्या, शिवाय जनुकीय बदल केलेल्या अन्नावर लेबल लावायचं का, घोड्यांच्या रेसकोर्सवर कॅसिनो काढू द्यायचे का, असे प्रश्न थेट मतदारांना विचारलेले. मी इंदूरची. आमच्या घरी निवडणूक म्हणजे महिनाभर घरातले सगळे बातम्यांसमोर, बाबा आणि काका भांडणार, मग मत ठरणार. मला तसंच करायचं होतं, माणसं बोलताना बघायची होती, कोण प्रश्न टाळतंय ते तोंडावर बघायचं होतं. आणि टीव्ही लावला की काय, तर सुझाना मार्टिनेझ आणि गॅरी किंग. न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नरपदाचे उमेदवार. जाहिरातीमागून जाहिराती, त्यांच्या शाळा, त्यांचे टॅक्स, त्यांचं सांता फेचं राजकारण. मला त्यांची सगळी भांडणं पाठ झाली आणि माझ्या मतपत्रिकेवर त्यातलं एकही नाव नव्हतं.

मी कंपनीला फोन केला. पोरगी गोड बोलत होती पण तिचं एकच पालुपद, मॅडम तुमच्या पत्त्याला अल्बुकर्की मार्केट आहे. मी म्हटलं जास्तीचे पैसे घ्या. नाही चालत. सुपरवायझरला दे म्हटलं, तो म्हणाला कायद्याने आमचे हात बांधलेत. त्याला मी विचारलं की समजा मी घर विकून आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेतली आणि त्यात राहिले तर? तो म्हणाला, हो, मग चालेल, गाडीच्या रजिस्ट्रेशनची कॉपी आणि सही केलेलं पत्र पाठवा. खरंच तसा नियम आहे, आरव्ही आणि मोठ्या ट्रकवाल्यांना लांबचे चॅनल घेता येतात. चाकांवर राहणाऱ्याला हक्क आणि तीस एकरांवर विहीर खोदून, घर बांधून, मुलं इथल्या शाळेत घालून राहणाऱ्याला नाही! मला त्या रात्री झोप लागली नाही. भारतातल्या वाचकांना सांगायचं तर गडचिरोलीच्या मतदाराला कोणी सांगावं की तुला हैदराबाद जवळ पडतं म्हणून तुझ्या टीव्हीवर तेलंगणाच्याच बातम्या येतील, मुंबईच्या बघायला मनाई, तसलं हे.

त्याच दिवाळीत न्यू जर्सीतल्या एडिसनहून दिरांचा फोन आला. मी हे सगळं सांगितलं तर म्हणाले, वहिनी, टीव्हीवरून एवढं काय, तुम्ही जंगलात राहायला गेलात तर हे होणारच, इकडे या ना, नाहीतर इंटरनेटवर बघा. ह्यांना पण ते पटलं. इंटरनेट! तेव्हा आमच्या रस्त्यावर केबल नव्हती, नेट पण सॅटेलाइटचं, महिन्याचा डेटा मुलांच्या अभ्यासातच संपायचा. आणि आता नेट सुधारलं तरी इंटरनेटवरचे लाइव्ह टीव्हीवाले लोकल चॅनल देताना तोच बाजारांचा नकाशा वापरतात, तुमच्या मुलाने घेऊन बघावं, पुन्हा अल्बुकर्कीच येईल.

भाऊजींना माझं म्हणणं आजही पटलेलं नाही म्हणून इथे लिहिते. एडिसन न्यूयॉर्कच्या बाजारात. अख्खं न्यू जर्सी राज्य न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन बाजारांत वाटलेलं आहे, स्वतःचा बाजारच नाही. म्हणजे भाऊजी, तुमचीही गत आमचीच, फक्त तुमच्याकडे राज्याबाहेरचं शहर नदीपलीकडे आहे आणि तिथली स्टेशनं तुमची थोडीफार दखल घेतात, कारण तुम्ही लाखोंनी आहात. आम्ही मूठभर, म्हणून आमच्यासाठी अल्बुकर्कीचा रिपोर्टर तेव्हाच येतो जेव्हा काहीतरी जळतं किंवा वाहतं. 2015 च्या ऑगस्टमध्ये सिल्व्हरटनजवळच्या गोल्ड किंग खाणीतून तीस लाख गॅलन घाण पाणी सुटलं आणि ॲनिमस नदी हळदीसारखी पिवळी झाली, तेव्हा आले सगळे. पण त्यांचा भर साहजिकच ते पाणी खाली न्यू मेक्सिकोतल्या फार्मिंग्टनला कधी पोचणार यावर, त्यांचा प्रेक्षक तिथे. आमचं राज्य सरकार काय करतंय, आमच्या विहिरींचं पाणी तपासायला कोण येणार, हे मला शेजारणीकडून कळलं.

पण गोष्ट इथेच थांबली नाही. डिसेंबर 2014 च्या कायद्यात एक खिडकी उघडली, की काउंटी स्वतः एफसीसीकडे, म्हणजे टीव्ही-रेडिओचे नियम बघणाऱ्या सरकारी आयोगाकडे, अर्ज करू शकते की आमच्यासाठी सॅटेलाइटवर अमुक स्टेशन आमच्या बाजारातलं धरा. ला प्लाटा काउंटीने डेन्व्हरच्या स्टेशनांसाठी अर्ज केला. लोकांकडून पत्रं मागवली, मी पण लिहिलं, वर सांगितलेली मतपत्रिकेची हकीकतच लिहिली, साध्या इंग्रजीत, दोन पानं. बेनेट आणि गार्डनर, एक डेमोक्रॅट एक रिपब्लिकन, कोलोरॅडोचे तेव्हाचे दोन्ही सिनेटर पाठीशी उभे राहिले. अल्बुकर्कीच्या स्टेशनांकडून विरोध झाला. 2017 मध्ये एफसीसीने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. जिथे राहतो तिथे राहूनच हक्क मागितला आणि मिळाला, एडिसनला जावं लागलं नाही, हे भाऊजींनी वाचावं.

आता तुमच्या मुलाने काय करायचं. निकाल लागला म्हणजे पडद्यावर चॅनल आलाच असं नसतं. स्टेशन आणि सॅटेलाइट कंपनी यांच्यात बहुतेक वेळा पैशाचा करार लागतो, आणि लोकल चॅनल सॅटेलाइटवरून एका ठरावीक प्रदेशापुरत्या झोतातून सोडतात, डेन्व्हरचा झोत पत्त्यावर पोचत नसेल तर तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही म्हणायची कंपनीला सोय आहे. म्हणून फोनवर 'डेन्व्हर मिळेल का' असं मोघम विचारू नये. पूर्ण पत्ता द्यावा, ला प्लाटा काउंटीच्या मार्केट मॉडिफिकेशनचं (एफसीसीच्या त्या निकालाला हेच म्हणतात) नाव घ्यावं, कुठली स्टेशनं मिळतात ते एकेक करून विचारावं. पहिल्या माणसाला बहुधा माहीत नसतं, वरच्याकडे जावं. छतावर अँटेना लावून बघावा, डोंगरात काही ठिकाणी लांबच्या स्टेशनचा सिग्नल पुढे सोडणाऱ्या ट्रान्सलेटर टॉवरमुळे अनपेक्षित चॅनल लागतात, आमच्याकडे मध्ये डोंगर असल्याने काही लागत नाही. आरव्हीचा खोटा कागद करून पाठवू नये, काही लोक सुचवतील. लांबचे, म्हणजे न्यूयॉर्क-लॉस एंजेलिससारखे, चॅनल मागायची वाट तर 2019 च्या कायद्याने जवळपास बंदच झाली, आता ती सोय मुख्यतः आरव्ही-ट्रकवाल्यांना आणि ज्या बाजारात एखादं नेटवर्कच नाही त्यांना, तीही अट घालून की कंपनीने सगळ्या 210 बाजारांचे लोकल चॅनल दाखवले पाहिजेत.

एक सांगायचं राहिलं. लोकल स्टेशनला संरक्षण द्यायलाच नको असं माझं म्हणणं नाही. उद्या सगळ्यांनी न्यूयॉर्कचा चॅनल लावला तर मोंटानातल्या ग्लेनडाइव्हसारख्या, 210 मधल्या सगळ्यात छोट्या बाजारातलं स्टेशन जाहिरातीअभावी बंद पडेल आणि तिथल्या बर्फाची, शाळेच्या सुट्टीची बातमी कोणी देणार नाही. ते मला मान्य आहे. अल्बुकर्की आम्हाला डेन्व्हरपेक्षा जवळ आहे, हवामान त्यांचंही कामाला येतं, खरेदीला आम्ही फार्मिंग्टनलाच जातो. मला ते चॅनल काढून नको होते, माझ्या राज्याचे जोडीला हवे होते, माझे पैसे देऊन.

मुलगा जर बेफील्डऐवजी शेजारच्या काउंटीत घर बघत असेल तर घर घेण्याआधी तिथल्या काउंटी कमिशनरच्या ऑफिसात विचारून घ्यायला सांगा की त्यांनी असा अर्ज केलाय का, कारण आमचा निकाल आमच्या काउंटीपुरताच आहे. केला नसेल तर त्याने मिटिंगला जाऊन विषय काढावा, लोकांना बोलायला वेळ देतात, आणि माझ्या पत्राची प्रत हवी असेल तर मी पाठवते.