वावळ म्हणजे एल्म का?

प्रश्न बेळगावच्या एका अनुवादक ताईंचा आहे. हिमालयातल्या दुर्मिळ ‘रानटी एल्म’ या झाडावरचा लेख मराठीत आणताना त्यांनी एल्मला ‘वावळ’ केले. निपाणीचे सासरे वाचून म्हणाले, “अगं, आपली तपसी हिमालयात कुठनं गेली?” तर बरोबर कोण?

सासरे. पण ताईही अगदी वाट चुकलेल्या नाहीत.

तपसी हे वावळाचेच कन्नड नाव. शिशिरात झाड पाने टाकून उभे असते म्हणून ‘तपस्वी’वरून ‘तपसी’, असे सांगणारे भेटतात. गोष्ट गोड, पण गोडव्यावर व्युत्पत्ती ठरत नसते. वावळ ओळखायचा तर पान चुरगाळावे, उग्र वास येतो. उन्हाळ्यात चपट्या, गोल, कागदी पंखांच्या फळांचे घोस लटकतात. आतली बी पोरे सोलून खातात. (बाळाच्या पाण्यात उकळतो ते वावडिंग निराळे. तो वेल, साम्य नावापुरते.)

आता एल्म. रॉक्सबर्ग या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने वावळाला एल्मच्याच प्रजातीत, ‘उल्मस’मध्ये घातले होते. १८४८ साली प्लांशों या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला बाहेर काढून ‘होलोप्टेलिया’ हे वेगळे घर दिले. गंमत अशी की त्यातल्या ‘प्टेलिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ एल्मच! म्हणजे घर बदलले, आडनाव तेच राहिले. ताईंच्या लेखातल्या हिमालयी एल्मचे, ‘उल्मस वॉलिचियाना’चे, नामकरणही त्याच वर्षी त्यानेच केले. त्याच्या पानाला करवतीचे दाते असतात. वावळाच्या पानाची कड सहसा सरळ. हा एल्म अफगाणिस्तानापासून पश्चिम नेपाळपर्यंतच्या डोंगरांत वाढतो, आणि चाऱ्यासाठी फांद्या छाटून छाटून दुर्मिळ झाला आहे. वावळ मात्र सखल, उष्ण मुलखातल्या पानझडी रानांचा.

म्हणून ‘इंडियन एल्म’ हे वावळाचे इंग्रजी नाव दिसले तर बिनधास्त वावळ लिहा. हिमालयातल्याला एल्मच राहू द्या, हवे तर पहिल्यांदा ‘वावळाच्या कुळातला’ एवढे जोडा.

आणि ‘रानटी’ काढाच. मराठीत रानटी माणसे असतात. ‘रान-एल्म’ही नको: रानकेळ म्हटले की घरची केळ आठवते, तसा घरचा एल्म आपल्याकडे कुठे आहे? ‘हिमालयी एल्म’ पुरे.