झाडलेल्या गोळीवर पिस्तुलाचा नंबर उमटलाच पाहिजे, असा कायदा खरंच कुठे आहे का?

हो, अमेरिकेत कॅलिफोर्नियाने असा कायदा केला. फक्त खूण गोळीवर नाही, रिकाम्या पुंगळीवर उमटते. गोळी भिंतीत नाहीतर हाडात शिरून चेपते. पुंगळी मात्र रस्त्यावर बऱ्याचदा धड सापडते. फायरिंग पिनच्या टोकावर लेझरने सूक्ष्म अक्षरं कोरायची. घोडा दाबला की पिन पुंगळीच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आदळते आणि शिक्का बसतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली वाचला की हत्यार हाती नसतानाही पिस्तूल कोणतं ते कळतं. याला मायक्रोस्टॅम्पिंग म्हणतात.

गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी २००७ मध्ये सही केली, पण पेटंटच्या अडचणीमुळे अंमल २०१३ पर्यंत लांबला. पुढे कंपन्यांनी अशी पिस्तुलं बाजारात आणलीच नाहीत. २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने ही अट रोखली. त्याच वर्षी राज्याने पुन्हा नवा कायदा केला, त्यातली, असा शिक्का न उमटवणाऱ्या पिस्तुलांच्या विक्रीवरची बंदी २०२८ पासूनची आहे.

आक्षेप खोटे नाहीत. पिन कानशीने घासता येते, बदलता येते. रिव्हॉल्वर तर पुंगळी बाहेर टाकतच नाही. पिस्तूल चोरीचं असेल तर माग फक्त पहिल्या खरेदीदारापर्यंत पोचतो. तरीही मी या कायद्याच्या बाजूने आहे. साक्षीदार भीतीने गप्प बसतात, तेव्हा तपासाला सुरुवात करायला एक नाव मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या घरातला पोरगा गेला, त्या घराला विचारा.