एकच दिवस हातात असेल तर फेअरफर्ड नको

जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान दहा दिवस इंग्लंडला जायचंय, एअर शोसाठी त्यातला एकच दिवस निघतोय, आणि बरोबरच्या बहात्तर वर्षांच्या वडिलांना दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ स्पिटफायर आणि बॉम्बफेकी लँकॅस्टर उडताना बघायचंय. तर फेअरफर्ड की डक्सफर्ड, असं तुम्ही विचारलंय.

फेअरफर्ड सोडा. लष्करी विमानांचा एवढा मोठा मेळा दुसरीकडे नाही हे खरं, पण त्याचा सगळा जीव आजच्या जेटमध्ये आहे. महायुद्धातली विमानं तिथे तोंडी लावण्यापुरती. शिवाय गर्दी एवढी की संध्याकाळी पार्किंगमधून गाडी बाहेर काढताना वडिलांचा दिवसभराचा उत्साह आटून जाईल.

केंब्रिजजवळचं डक्सफर्ड उत्तम, पण माझं मत विचाराल तर आधी ओल्ड वॉर्डनच्या तारखा बघा. बेडफर्डशरमधल्या या छोट्या गवती धावपट्टीवर जुन्या, अजून उडणाऱ्या विमानांचा शटलवर्थ संग्रह आहे. उन्हाळ्याच्या हंगामात ठरावीक दिवशी तिथे शो असतात, त्यातले काही संध्याकाळचे. प्रेक्षकांची रांग सरळ नाही, मध्ये वळलेली आहे. त्यामुळे वैमानिक विमान कलवून त्या वळणाभोवती नेतो आणि पंखांची वरची बाजू समोर येते. इतर ठिकाणी बहुतेक वेळ विमानाचं पोटच बघत बसावं लागतं. त्यांचं स्वतःचं स्पिटफायर, एआर ५०१, १९४२ मध्ये डक्सफर्डहून चेक वैमानिकांनी उडवलेलं आहे. त्याच काळातली लढाऊ विमानं सी हरिकेन आणि ग्लॅडिएटरही आहेत. आणि पहिल्या महायुद्धाच्या काळातली ती रोटरी इंजिनं! त्यात पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगर फिरतं आणि वंगण म्हणून चक्क एरंडेल वापरतात. ते पूर्ण न जळताच मागे फेकलं जातं, त्याचा वास वाऱ्याबरोबर तुमच्यापर्यंत येतो. या इंजिनाचा वेग आपल्या गाडीसारखा हवा तसा कमीजास्त होत नाही, म्हणून उतरताना वैमानिक ठिणगीच मधूनमधून तोडतो. पहिल्यांदा ते भक्क-भक्क ऐकलं तेव्हा इंजिन बंद पडलं असं वाटून मी उभाच राहिलो होतो. शेजारचे आजोबा शांतपणे सँडविच खात होते.

१९०९ चं ब्लेरिओ विमानही तिथे आहे, अजून उडणारं. उडणारं म्हणजे धावपट्टीवरून सरळ एक छोटीशी उडी, बस्स. तीही वारा जवळजवळ पडलेला असेल तरच, म्हणून त्याची वेळ बहुधा दिवस कलल्यावर येते.

यावरून मुख्य गोष्टीकडे येतो. शोच्या जाहिरातीत विमानांची यादी येते, ती लग्नपत्रिकेतल्या ‘आपले नम्र’सारखी वाचा. नाव छापलंय म्हणून माणूस मांडवात दिसेलच असं नाही. ही विमानं ऐंशी-ऐंशी वर्षांची आहेत, बरीचशी शेपटीखाली चाक असलेली. बाजूचा वारा वाढला की ती उतरवताना भोवंडतात. मग आयोजक कितीही नामांकित असो, वैमानिक नाही म्हणतो आणि त्याचंच खरं असतं. मी पहिल्या खेपेला एकाच विमानासाठी चार तास प्रवास करून गेलो होतो. ते दिवसभर हँगरच्या दारात उभं राहिलं आणि मीही त्याच्याकडे बघत रुसून बसलो. बाकीचा चांगला शो फुकट घालवला. तेव्हा वडिलांना ‘लँकॅस्टर दाखवतो’ असं सांगून नेऊ नका. ‘जुनी विमानं बघायला जाऊ’ म्हणा.

लँकॅस्टरचं तर जास्तच अवघड. सात हजारांवर बनली, त्यातली उडण्याजोगी जगात दोन: एक कॅनडात, एक ब्रिटिश हवाई दलाच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट या जुन्या विमानांच्या तुकडीकडे, लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला. ते सहसा शोच्या जागी उतरत नाही. उडत येतं, दोन-चार घिरट्या घालतं आणि पुढच्या कार्यक्रमाला जातं. जवळून बघायचं असेल तर त्याच भागात ईस्ट कर्कबी आहे. तिथलं ‘जस्ट जेन’ नावाचं लँकॅस्टर अजून उडत नाही, पण ठरलेल्या दिवशी चारही मर्लिन इंजिनं चालू करून मैदानात फिरवतात. एकेक इंजिन सत्तावीस लिटरचं. चौथं सुरू झाल्यावर आवाज कानापेक्षा छातीत जाणवतो. ज्या दोघा भावांनी हे उभं केलं त्यांचा थोरला भाऊ मार्च १९४४ मध्ये न्युरेम्बर्गवरच्या हल्ल्यात मारला गेला होता. दहा दिवसांतला अजून अर्धा दिवस काढता आला, तर वडिलांसाठी हा काढाच.

डक्सफर्ड ठरवलंत तर केंब्रिजच्या रेल्वेने व्हिटल्सफर्ड पार्कवे स्टेशनला उतरा. तिथून मैदान जवळ आहे, तरी वडिलांना चालवू नका. तिकीट घरूनच काढा आणि त्याबरोबर सकाळी विमानांच्या रांगेत फिरण्याचं वेगळं तिकीट मिळत असेल तर तेही घ्या. माझ्या लेखी कसरतींपेक्षा त्याची किंमत जास्त. १९३८ मध्ये हवाई दलाची पहिली स्पिटफायर याच तळावर आली. दरवाजे उघडताच आत जा. इंजिन सुरू होताना निळसर धूर सोडतं ते बघा, आणि जमिनीवर स्पिटफायर नागमोडी का चालतं तेही बघा: लांबलचक नाकापुढे वैमानिकाला काही दिसत नाही, म्हणून तो दोन्ही बाजूंनी डोकावत येतो. पंखाखालच्या रेडिएटरला जमिनीवर पुरेशी हवा मिळत नाही, इंजिन तापत जातं, म्हणून ते फार वेळ ताटकळत नाही. तुम्ही चहाच्या रांगेत असाल तर हुकलंच.

फोटोंसाठी: डक्सफर्डला दुपारभर सूर्य समोर असतो, विमानं काळी येतात. एक्स्पोजर थोडं वाढवा, आणि चांगल्या फोटोंची आशा दुपार कलल्यावर धरा. पंख्याच्या विमानांना शटर १/२०० च्या आसपास ठेवा. १/२००० ला टिपलंत तर पंखा गोठतो आणि विमान दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. या वेगाला निम्म्याहून जास्त फोटो हलतील, हलू द्या. मोबाइलवर व्हिडिओ काढत बसू नका, त्यात फक्त ठिपका आणि वाऱ्याची घरघर येते. त्यापेक्षा वडिलांना ८×४२ ची दुर्बीण द्या.

घडीची खुर्ची, टोपी, रेनकोट हे तिन्ही न्या, तिन्ही एकाच दुपारी लागतात. पंख्याच्या विमानांच्या आवाजासाठी कानात कापूस वगैरे लागत नाही. जुन्या जेटच्या कसरती मात्र फारशा दिसणार नाहीत; २०१५ मध्ये शोरहॅमच्या शोमध्ये हॉकर हंटर हे जुनं जेट पडून अकरा माणसं गेली, त्यानंतर नियम फार कडक झाले.

आणि एक गंमत वडिलांना नक्की सांगा. आज उडणाऱ्या या विमानांपैकी काही आपल्याकडून गेलेली आहेत. भारतीय हवाई दलाने निवृत्त केलेली स्पिटफायर आणि टेम्पेस्ट ही लढाऊ विमानं सत्तरच्या दशकात इथल्या तळांवर पडून होती, ती हौशी लोकांनी विकत घेऊन नेली. त्यातलंच एक ‘टेम्पेस्ट मार्क दोन’, भारतीय हवाई दलातला क्रमांक एचए ५८६, २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सायवेलला पुन्हा उडालं. एखाद्या शोच्या यादीत ते दिसलं, तर तारखा त्याच्याभोवती जुळवा. हो, यादीवर विसंबू नका असं मीच वर म्हटलंय. पण या विमानासाठी मी स्वतःसुद्धा तो धोका पत्करेन.