भाडं, युनिव्हर्सल क्रेडिट आणि थकबाकी : काउन्सिल व हाउसिंग असोसिएशनच्या भाडेकरूंची प्रश्नोत्तरे

ही उत्तरं इंग्लंडमधल्या भाडेकरूंना धरून लिहिली आहेत. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना सरकारकडून दरमहा मिळणारी मदत, आणि हाउसिंग असोसिएशन म्हणजे कमी भाड्याची घरं देणारी ना-नफा संस्था. स्कॉटलंडचा नियम जिथे वेगळा आहे तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न : आमचं भाडं आठवड्याला १२० पौंड आहे. युनिव्हर्सल क्रेडिटमधून घरासाठी महिन्याला ५२० पौंड येतात. काही महिन्यांत ते पुरून उरतात, काही महिन्यांत कमी पडतात. मदत कापली जात नसताना भाड्याच्या खात्यावर बाकी का दिसते?

डीडब्ल्यूपी, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट देणारं सरकारी खातं, आठवड्याचं भाडं ५२ने गुणून १२ने भागतं. १२० गुणिले ५२ म्हणजे ६,२४०, त्याचे महिन्याला ५२०. काउन्सिल मात्र दर सोमवारी भाडं लावते. चार सोमवारांच्या महिन्यात ४८० लागतात, म्हणजे ४० उरतात. पाच सोमवारांच्या महिन्यात ६०० लागतात आणि ८० कमी पडतात. ५२ सोमवारांच्या वर्षात हे जमाखर्च शेवटी बरोबर जुळतात, पण उरलेले ४० त्या त्या महिन्यात बाजूला राहिले तरच. ज्या वर्षी भाड्याचे ५३ सोमवार येतात, त्या वर्षी एका आठवड्याचे १२० पौंड युनिव्हर्सल क्रेडिट देतच नाही. ते तुम्हालाच घालावे लागतात. महिन्याला १० पौंड जास्त भरले की वर्षभरात तेही फिटतात.

म्हणून पगार किंवा क्रेडिट जमा होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरावीक रकमेची स्टँडिंग ऑर्डर लावा आणि आम्ही दरमहा भरणार आहोत असं काउन्सिलला ईमेलने कळवा. बहुतेक करारांत भाडं आगाऊ द्यायचं असतं, त्यामुळे महिन्याने भरणाऱ्याचं खातं मधल्या आठवड्यांत लाल दिसतंच. निदान एका आठवड्याचं भाडं शिल्लक ठेवलं की आपोआप सुटणारी पत्रं बरीच कमी होतात. तुमच्या काउन्सिलकडे वर्षातले काही आठवडे बिनभाड्याचे असतील तर डीडब्ल्यूपी तेवढे आठवडे ५२मधून वजा करतं, हेही पडताळा.

थकबाकीचं मोठं कारण याहून वेगळं आहे आणि ते एप्रिलचं आहे. भाडं साधारण एप्रिलच्या पहिल्या सोमवारी वाढतं. काउन्सिलचं पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं आणि लोक समजतात की काउन्सिलच डीडब्ल्यूपीला कळवेल. तसं होत नाही. नवं भाडं तुम्हीच युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये भरायचं असतं, तेही वाढ लागू झाल्यावर, आधी नाही. समजा युनिव्हर्सल क्रेडिटचा तुमचा हिशेबाचा महिना १७ तारखेपासून पुढच्या १६ तारखेपर्यंत आहे आणि भाडं ६ एप्रिलला वाढलं. १६ एप्रिलपर्यंत कळवलंत तर त्या पूर्ण महिन्याला नवा दर लागतो. २० एप्रिलला कळवलंत तर तो महिना जुन्या दरानेच जातो. उशिराला आजारपणासारखं सबळ कारण असेल तर ते त्याच जर्नलमध्ये लिहून मागच्या महिन्याचा फरक मागा.

नोंद करताना मूळ भाडं आणि सर्व्हिस चार्ज वेगवेगळे लिहा. जिना-लिफ्टची देखभाल, सामाईक दिवे आणि झाडलोट मान्य होतं. तुमच्या फ्लॅटमधलं हीटिंग, गरम पाणी आणि पाणीपट्टी मान्य होत नाही. एकूण आकडा एकाच चौकटीत टाकला की पुढे जास्त दिलेली रक्कम परत मागितली जाते.

प्रश्न : नवऱ्याचे कामाचे तास कमी झाले. काउन्सिलच्या घराचं ९०० पौंड भाडं थकलंय आणि 'नोटीस सीकिंग पझेशन' (घराचा ताबा मागण्याची नोटीस) आली आहे. आम्हाला घराबाहेर काढतील का?

या नोटिशीने कोणी घराबाहेर निघत नाही. त्यासाठी आधी कोर्टाचा आदेश लागतो आणि मग ताबा घेणारे कोर्टाचे बेलिफ. काउन्सिलच्या सिक्युअर टेनन्सीत (काउन्सिलच्या कायम भाडेकरूंच्या करारात) भाड्याच्या थकबाकीवरून दिलेल्या नोटिशीनंतर किमान चार आठवडे गेल्याशिवाय दावा लावता येत नाही. नोटीस १२ महिने जिवंत राहते. घाबरून चाव्या मात्र देऊ नका. स्वतःहून घर सोडलं तर पुढे बेघर म्हणून मदत मागताना 'जाणूनबुजून बेघर' हा शिक्का बसू शकतो आणि तो पुसणं फार कठीण जातं.

आधी रेंट स्टेटमेंट मागवा, थकबाकी सुरू झाली त्या आठवड्यापासूनचं. शेजारी बँकेचं आणि युनिव्हर्सल क्रेडिटचं स्टेटमेंट ठेवून एकेक ओळ जुळवा. चुकीच्या रेफरन्स नंबरवर भरलेले पैसे, शेजारच्या खात्यात गेलेली रक्कम, ९००मध्ये मिसळलेला कोर्टाचा खर्च किंवा दुरुस्तीचं बिल, हे सगळं अशा जुळवणीत सापडतं. भाडं किती आणि इतर किती, हे वेगळं करून लेखी मागा.

युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज केला नसेल तर आजच करा. नोकरी चालू असतानाही ते मिळू शकतं. पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात आणि मागची तारीख फार तर एका महिन्यापर्यंत, तीही आजारपण किंवा यंत्रणेतला बिघाड अशा मोजक्याच कारणांनी मिळते. त्यामुळे दोन आठवडे विचारात घालवले तर ते बहुधा परत येत नाहीत. अ‍ॅडव्हान्स मागता येतो, पण ते कर्ज आहे आणि पुढच्या हप्त्यांतून कापलं जातं. अर्जाची पोच भाडेविभागाला पाठवा. सामाजिक घरमालकांसाठी कोर्टाची ठरलेली पूर्वप्रक्रिया आहे. तिच्यानुसार तुम्ही लागणारे कागद दिले असतील, मदत मिळण्याची वाजवी शक्यता असेल आणि मदतीबाहेरचं भाडं भरत असाल, तर त्यांनी थकबाकीवरून दावा लावू नये. ही ओळ ईमेलमध्ये लिहिली की अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

मग हप्ता सुचवा. उत्पन्न आणि खर्चाचा एक पानाचा तक्ता करा आणि चालू भाड्याच्या वर जे खरोखर झेपेल तेवढंच लिहा. आठवड्याला ५ पौंड वर्षभर भरणारा भाडेकरू न्यायाधीशांना पटतो. पहिल्या महिन्यात १०० भरून नंतर थांबणारा पटत नाही. क्रेडिट कार्ड आणि दुकानाचे हप्ते मागे ठेवा. भाडं, काउन्सिल टॅक्स आणि वीज-गॅस आधी. कार्डवाले फोनवर जास्त कडक बोलतात म्हणून लोक त्यांना आधी देतात आणि घर धोक्यात घालतात.

अनेक देणी एकदम अंगावर आली असतील तर कर्जसल्लागाराकडून 'ब्रीदिंग स्पेस' घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये ही सोय ४ मे २०२१ पासून आहे. ६० दिवस जुन्या देण्यांची वसुली थांबते, मागचं थकलेलं भाडंही त्यात येतं. चालू भाडं मात्र त्या काळात भरावंच लागतं.

लेखी नोटीस हातात आहे, म्हणजे 'हाउसिंग लॉस प्रिव्हेन्शन अ‍ॅडव्हाइस सर्व्हिस'मधून वकिलाचा मोफत सल्ला मिळतो. उत्पन्नाची अट नाही. सुनावणीच्या दिवशी कोर्टात हजर असलेला ड्यूटी वकीलही याच योजनेतला. दाव्याचे कागद आले तर एन-११-आर हा फॉर्म १४ दिवसांत भरून पाठवा. मुदत गेली तरी सुनावणीला जाच. गैरहजर राहिलेल्याच्या बाजूने बोलायला कोणी नसतं. थकबाकीच्या प्रकरणात बऱ्याचदा 'सस्पेंडेड' आदेश होतो : ठरलेला हप्ता चालू आहे तोवर घर तुमचं.

हाउसिंग असोसिएशनच्या भाडेकरूंनी नोटिशीत 'ग्राउंड ८' (थकबाकीवरून ताबा मागण्याचं कायद्यातलं एक कारण) लिहिलंय का ते आधी पाहावं. इतर कारणांवर 'घर काढून घेणं वाजवी आहे का' हे न्यायाधीश तपासतात. ग्राउंड ८ सिद्ध झालं तर त्यांना ती मोकळीक नसते. पण थकबाकी नोटिशीच्या दिवशी आणि सुनावणीच्या दिवशी, दोन्ही वेळा कायद्यातल्या मर्यादेइतकी असावी लागते. म्हणून सुनावणीआधी ती मर्यादेखाली आणण्यासाठी जमेल ते करा.

प्रश्न : तीन बेडरूमचं घर, आठवड्याला १५० पौंड. मुलगा कायमचा बाहेरगावी गेला. आम्ही दोघं पन्नाशीत, मुलगी २३ वर्षांची, नोकरी करते. भाड्याची मदत अचानक खूप कमी का झाली?

दोन कपाती एकदम बसल्या आहेत. तुम्हा दोघांना एक खोली आणि मुलीला एक, म्हणजे तिसरी जास्तीची. एका जास्त खोलीला मान्य भाड्यातून १४ टक्के जातात : आठवड्याला २१, महिन्याला ९१ पौंड. हाच तो 'बेडरूम टॅक्स'. शिवाय २१ वर्षं पूर्ण झालेल्या मुलीसाठी ठरावीक रक्कम वजा होते, २०२५-२६ला ती महिन्याला ९३ पौंड २ पेन्स होती. मुलीचा पगार किती, याच्याशी या वजावटीचा संबंध नाही. एकूण १८४ पौंड गेले.

मुलीला वेगळं राहायला सांगण्याआधी पुढचा हिशेब पाहा. ती गेली की दोन खोल्या जास्त ठरतात, कपात २५ टक्के होते : आठवड्याला ३७.५०, महिन्याला १६२.५०. म्हणजे वाचतात जेमतेम साडेएकवीस पौंड आणि तिचा घरखर्चातला वाटा जातो. ती घरात राहून निदान तिच्या नावाने कापली जाणारी रक्कम देत असेल तर तेच परवडतं. तुमच्यापैकी कोणाला पीआयपीचा (अपंगत्व किंवा दीर्घ आजारासाठीच्या भत्त्याचा) 'डेली लिव्हिंग' भाग मिळत असेल तर मुलीची वजावट होत नाही. रात्री मुक्कामाला मदतनीस लागत असेल तर त्या व्यक्तीची खोलीही धरली जाते. हे जर्नलमध्ये सांगितल्याशिवाय कोणी शोधून देत नाही.

पोटभाडेकरू नव्हे, घरात तुमच्यासोबत राहणारा लॉजर ठेवला तर त्याचं भाडं युनिव्हर्सल क्रेडिट उत्पन्नात धरत नाही. खोली मात्र जास्तीचीच राहते. सिक्युअर टेनन्सीत लॉजर ठेवण्याचा हक्क आहे. असोसिएशनचं घर असेल तर आधी करार वाचा. लहान घराशी अदलाबदल करायची असेल तर थकबाकी आधी मिटवा, तिच्यावरून घरमालक अट घालू शकतो. मधल्या काळातली तूट भरायला काउन्सिलकडे अर्ज करा : डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंटची सोय इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२६ पासून 'क्रायसिस अँड रेझिलियन्स फंडा'त सामावली आहे. स्कॉटलंडमध्ये बेडरूम टॅक्सची पूर्ण भरपाई मिळते, पण अर्ज करावा लागतो.

प्रश्न : आई-बाबांना हाउसिंग बेनिफिट (भाड्याची मदत) आणि पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनधारकांची मदत) मिळतं. दोन-अडीच महिन्यांसाठी भारतात जायचंय. पहिले चार आठवडे तरी भाडं मिळेल ना?

नाही, आणि इथेच सगळे फसतात. परदेशी मुक्काम चार आठवड्यांपेक्षा जास्त होणार नाही, असा बेत असेल तरच ते चार आठवडे मिळतात. परतीचं तिकीट दहा आठवड्यांनंतरचं असेल तर हक्क निघाल्या दिवसापासूनच थांबतो. पेन्शन क्रेडिटचंही तेच. तिथे गेल्यावर जवळच्या नातेवाइकाचं निधन झालं आणि लगेच परतणं शक्य नसेल तर आणखी चार आठवडे मिळू शकतात. मृत्यूचा दाखला जपून ठेवा. युनिव्हर्सल क्रेडिटवर असणाऱ्यांसाठी हीच मुदत एक महिना आणि निधनानंतर आणखी एक महिना.

दोघांपैकी एकजण अजून पेन्शनच्या वयाचा नसेल तर हा प्रवास जास्तच महाग पडू शकतो. मिश्र वयाच्या जोडप्याचं जुनं हाउसिंग बेनिफिट आणि पेन्शन क्रेडिट एकदा तुटलं की परतल्यावर ते पुन्हा मागता येत नाही. १५ मे २०१९ पासून अशा जोडप्यांना युनिव्हर्सल क्रेडिटकडेच जावं लागतं. अशा घरात चार आठवड्यांच्या आत परत या. लांब जायचंच असेल तर निघण्याआधी कळवा, तेवढ्या आठवड्यांचं भाडं आगाऊ भरा आणि घर कोणाला भाड्याने देऊ नका.

प्रश्न : माझ्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे, तिथे आई-वडील राहतात. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तो धरतात का?

परदेशातली मालमत्ताही भांडवलच. ६,००० पौंडांपर्यंत काही कपात नाही, त्यावर १६,०००पर्यंत दर २५० पौंडांमागे महिन्याला ४ पौंड ३५ पेन्स, आणि १६,०००च्या वर हक्कच नाही. पण जवळचा नातेवाईक ते स्वतःचं घर म्हणून वापरत असेल आणि त्याचं पेन्शन क्रेडिटचं वय झालं असेल, किंवा आजारपणामुळे त्याची काम करण्याची क्षमता मर्यादित असेल, तर त्या घराची किंमत सोडून देतात. आई-वडील या वयाचे असतील तर फ्लॅट अर्जात लिहाच आणि सोबत त्यांचं वय व पत्ता दाखवणारे कागद जोडा. न लिहिता नंतर सापडला तर नियमाने सूट असूनही चौकशी मागे लागते. फ्लॅट रिकामा असेल किंवा भाडेकरूला दिलेला असेल तर ही सूट नाही. तेव्हा बाजारभावातून बोजा आणि विक्रीखर्चापोटी १० टक्के वजा करून किंमत धरतात. भावंडांसोबत मालकी असेल तर फक्त तुमचा हिस्सा.

प्रश्न : मुलगा युनिव्हर्सल क्रेडिट घेतो. सून नाशिकहून स्पाउस व्हिसावर येते आहे, व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही) ही अट आहे. तिच्या व्हिसाला धोका आहे का?

मुलाने तिची नोंद वेळेवर केली तर नाही. अर्ज जोडप्याचा होतो, पण स्टँडर्ड अलाउन्स (क्रेडिटची मूळ रक्कम) एकट्याचाच मिळतो. तिचा पगार आणि तिची बचत मात्र हिशेबात येते, भारतातल्या बँकेतलीसुद्धा. तिने स्वतःच्या नावाने काउन्सिल टॅक्स रिडक्शन किंवा काउन्सिलच्या घराच्या यादीसाठी अर्ज करू नये, ते पब्लिक फंड्समध्ये मोडतात. टेनन्सीत तिचं नाव घालण्याआधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. ती राहायला आल्याचं घरमालकाला कळवणं वेगळं, ते लगेच करा.