रिपोर्ट नॉर्मल असूनही ७२ वर्षांचे वडील मंदावले आहेत. नेमके काय तपासावे?

वडिलांची साखर, रक्तदाब, ईसीजी सगळे ठीक असूनही ते हल्ली घराबाहेर पडत नाहीत आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून विषय सोडून देतात, असे तुम्ही लिहिले आहे. मी नाशिकमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून प्रामुख्याने ज्येष्ठांसोबत काम करते. माझे स्पष्ट मत असे, की आणखी रक्त काढण्याआधी वडील रोजची कोणती कामे स्वतः करतात आणि कोणती हळूहळू सोडून दिली आहेत, हे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची व्याख्या याच कार्यक्षमतेवर बेतली आहे.

सुरुवात खुर्चीपासून करा. खुर्ची भिंतीला टेकवून, शेजारी कोणीतरी उभे राहून, त्यांना हाताची घडी घालून सलग पाच वेळा उठायला-बसायला सांगा. १४ सेकंदांत जमले नाही, तर पुढची तपासणी हवी. मात्र सेकंदांइतकेच उठण्याच्या ढबीकडेही लक्ष द्या. अंग पुढे झोकून देणे, नकळत मांडीवर हात टेकणे, शेवटी खुर्चीत धपकन बसणे, यांतून पायांतली ताकद कमी झाल्याची शंका येते, आणि ती ताकद या वयातही व्यायामाने वाढते.

तीन महिन्यांत तीन किलोंहून अधिक वजन घटले आहे का, भूक मेली आहे का, गेले दोन आठवडे उदासी आहे किंवा कशातच रस वाटत नाही असे आहे का, हे आपुलकीने विचारा. स्मरणशक्तीसाठी औषधांच्या वेळा आणि बँकेचे व्यवहार अजून तेच सांभाळतात का, हे पाहा. विसरभोळेपणामागे बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉईड असू शकते, आणि दोन्हींवर उपचार आहेत.

डोळे आणि कान तर हमखास राहून जातात. पंचवटीतल्या एका आजींनी गोदाघाटावर जाणे बंद केले, तेव्हा घरच्यांनी गुडघ्यांना बोल लावला. प्रत्यक्षात मोतीबिंदूमुळे त्यांना पायरीची कड दिसत नव्हती आणि पडण्याच्या धास्तीने त्यांनी घर धरले होते. म्हणूनच या सर्व बाजू एकत्र पाहाव्या लागतात.

हे सगळे तारखेसह लिहून, चालू औषधांच्या यादीसोबत फिजिशियनना दाखवा आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा तपासा. मात्र एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ, असंबद्ध बोलणे किंवा झोपाळूपणा दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.