फोन त्यांच्याच हातात राहू दे

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे आणि गेले तीन महिने दर रविवारी दोन तास आजी-आजोबांना मोबाईल शिकवायला जाते. आवडीने जाते, पण आता थकल्यासारखं झालंय. एक आजोबा दर वेळी फोटो कसा पाठवायचा हेच विचारतात, मी दाखवते, ते मान डोलवतात आणि पुढच्या रविवारी परत तेच. त्यात परवा एका आजींनी बँकेच्या ॲपचा पिन चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिला, म्हणाल्या तूच कर बाई सगळं. मी घाबरून काहीतरी बोलून टाळलं तर त्यांना वाईट वाटलं. माझं काय चुकतंय?

उत्तर: आधी आजींचं सांगते, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखं नाहीये. तो पिन तू बघितलास, त्यामुळे या रविवारी त्यांना शेजारी बसवून तो बदलायला लाव. टाइप त्याच करतील आणि तू तोंड दुसरीकडे फिरवून बसशील, आणि हे त्यांना दिसू दे. "आजी, तुमचा माझ्यावर विश्वास आहे, पण पिन मलासुद्धा कळायला नको" असं सरळ म्हण. त्या दुखावल्या कारण त्यांना वाटलं तू त्यांना झटकलंस. नियम सगळ्यांना एकच आहे हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की कुणाला लागत नाही. आणि यात त्यांची सवयही होते, कारण उद्या फोनवर कुणी गोड बोलून ओटीपी मागितला किंवा "हे ॲप टाका, मी तुमची स्क्रीन बघून मदत करतो" म्हणाला, तर जो पिन त्या लाडक्या पोरीलाही देत नाहीत तो त्याला कशाला देतील.

आता आजोबा. तू लिहिलंयस "मी दाखवते", मला वाटतं गाठ तिथेच आहे. आपण पटकन त्यांच्या हातातून फोन घेतो, चार ठिकाणी टकटक करतो आणि "बघा, झालं" म्हणतो, त्यांना बिचाऱ्यांना नुसती स्क्रीन बदलताना दिसते. फोन टेबलावर, बोट त्यांचं, तुझे हात मांडीवर, फक्त तोंडाने सांगायचं. पहिल्या फोटोला वीस मिनिटं लागतील, लागू देत. जमलं की तेव्हाच दुसरा फोटो पाठवायला लाव आणि निघायच्या आधी तिसरा. वहीत पायऱ्या त्यांनीच लिहायच्या, त्यांच्या शब्दांत, "कागदी विमानाचं चित्र दाबणे" असं लिहिलं तरी चालेल, फक्त मधे जागा सोडायला सांग कारण अपडेट आलं की चित्रं बदलतात.

आणि सात दिवसांचं अंतर फार आहे गं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच पाठांतराचे प्रयोग करून 1885 मध्ये लिहून ठेवलंय की नवं शिकलेलं सगळ्यात जास्त सुरुवातीलाच निसटतं, मग निसटणं मंदावतं. हे तरुणांचंही होतं. म्हणून सोमवारी एक आणि गुरुवारी एक फोटो घरच्या कुणाला तरी पाठवायचा असं ठरवून दे.

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. माझे वडील "मी काही केलं नाही तरी भलतंच उघडलं" म्हणायचे आणि मी चिडायचे. खरं म्हणजे त्यांचं बोट स्क्रीनवर जरा जास्त वेळ टेकायचं आणि फोनला वाटायचं की दाबून धरलंय, मग वेगळाच मेनू यायचा. अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन दाबून धरण्याची वेळ वाढवता येते, आयफोनमध्येही तशी सोय आहे, दोन मिनिटांचं काम. वयाने कातडी कोरडी होते आणि टचस्क्रीनला कोरडं बोट कधीकधी कळतच नाही, थोडं क्रीम लावून पुसलं तरी फरक पडतो. अक्षरं मोठी कर, ब्राइटनेस वाढव. हे सगळं शिकवण्याच्या आधी करायचं, नाहीतर चूक फोनची असते आणि त्यांना वाटतं आपलं डोकं चालत नाही.

तुझ्या थकण्याचं म्हणशील तर दोन तासांत पाच जणांना काहीबाही दाखवण्यापेक्षा दोघांना घे आणि एका दिवशी एकच गोष्ट. आजोबांना फोटो जमला की पुढच्या नव्या माणसाला तो त्यांनाच शिकवू दे, तू शेजारी बस.